पायरीचा दगड

लिस्बनमधल्या भाड्याच्या खोलीत कपडे भिजवायला बादली नव्हती, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. पोर्तुगीज मला वाचता बऱ्यापैकी येतं, बोलताना मात्र जीभ दगा देते. बादलीला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. नळाखाली धरून भरल्याचा अभिनय करावा काय, या विचारात असतानाच छताला टांगलेली प्लॅस्टिकच्या बादल्यांची माळ दिसली आणि तिच्याखाली खडूने लिहिलेली पाटी : 'बाल्द'. म्हणजे आमची बादलीच! मराठीत बोलले असते तरी काम झालं असतं. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिला. बादली घेताना एवढं हसणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे बहुधा कधी आलं नसावं.

मी तिथे गेले होते एका गोवेकर कुटुंबाच्या जुन्या कागदपत्रांचं भाषांतर करायला. त्या दिवसानंतर कामात लक्ष लागेना. बेकरीत पाव, किल्लीवाल्याच्या पाटीवर चावी, सुटकेसच्या दुकानात फीत. तिकीट-खिडकीवर 'पगार' लिहिलेलं दिसलं. त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे देणं, आपल्याकडे तो घ्यायचा असतो. शब्द आणताना आपण तेवढी सोय करून घेतली. दर मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराचं नाव 'फैरा दा लाद्रा', शब्दशः चोरणीचा बाजार. मुंबईच्या चोरबाजाराची सख्खी बहीणच. तिथे एका गोधडीवर मांडलेल्या गंजक्या पसाऱ्यात गामेला भेटली. लाकडाची, पसरट, गुराढोरांना खाणं घालायची काठवट. गवंड्याच्या डोक्यावरचं लोखंडी घमेलं आणि ही, दोघांच्या चेहऱ्यात काही साम्य नाही. नावावरून नातं ओळखायचं.

मग पाऊस आला. लिस्बनचे फुटपाथ पावसात साबण फासल्यासारखे होतात. पांढऱ्या चुनखडकाचे आणि काळ्या बसाल्टचे बोटभर-बोटभर तुकडे हाताने ठोकून बसवलेले, आणि रोसिओ नावाच्या मोठ्या चौकात तर त्यांच्या लाटाच काढलेल्या. मी घसरले आणि बसलेच. बसल्याबसल्या, घसरलेल्या माणसाने आधी इकडेतिकडे कोणी पाहिलं का ते बघायचं असतं हे विसरून, मी तो काळा तुकडा बघत होते. ओळखीचा होता. लिस्बनच्या आसपासही लाव्हा वाहून गेलाय, साधारण सात कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनच्या थोडा आधी. आणि रोसिओमधल्या त्या लाटा १८४८ साली बसवल्या त्या कैद्यांनी, वरच्या किल्ल्यावरच्या. आपला 'तुरुंग' हा शब्द 'त्रोंकु'वरून आला. त्रोंकु म्हणजे ओंडका, कैद्याचे पाय ज्यात अडकवत तो खोडा. माझ्या भिजलेल्या परकराखाली, म्हणजे रीतसर सांगायचं तर स्कर्टखाली, माझे तिन्ही विषय एकाच चौरस इंचात येऊन बसले होते.

हे तीन विषय आमच्या घरात थट्टेचा विषय होते. आधी भूशास्त्रात बी.एस्सी., मग भाषाशास्त्रात एम.ए., मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन प्राच्यविद्येची पदविका. पदवी घेतली की त्या गावाला पाठ फिरवायची, असा माझा लौकिक. बाबा बँकेत होते. एकाच बँकेत चौतीस वर्षं, त्यातली एकोणीस एकाच शाखेत. प्रत्येक प्रवेशअर्जावर सही करताना ते पेनचं टोपण लावत शांतपणे म्हणायचे, "एक ना धड, भाराभर चिंध्या." रागाने नाही, नोंद केल्यासारखं. आत्याला माझी जास्त काळजी. तिच्या मते मुलीने एकाच विषयात पुढे जावं म्हणजे पाहुण्यांना सांगता येतं. चिंध्यांचीच गोधडी होते असं उत्तर मला तेव्हाही सुचलं होतं, पण ते सगळ्यांनाच सुचतं. आणि खरं सांगायचं तर गोधडी शिवायचा माझा काही विचार नव्हता. मला चिंध्याच आवडत होत्या.

प्रवासाला पैसे भाषांतराच्या कामातून यायचे, अधूनमधून एखादी मुदतठेव मोडून. पहिल्यांदा परदेशी गेले ती टूरबरोबर. लंडनला दोन दिवस खरेदीसाठी मोकळे होते. बाकी मंडळी ऑक्सफर्ड स्ट्रीटला गेली, मी विमानाने बेलफास्टला. उत्तर आयर्लंडला ब्रिटनचाच व्हिसा चालतो, हे टूर मॅनेजरला पटवायलाच अर्धा तास गेला. चिवड्याची एक पिशवी बरोबर देऊन त्यांनी मला निरोप दिला, जणू मी परत येणार नव्हते.

अँट्रिमच्या किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे मी कॉलेजात असताना पाठ्यपुस्तकात पाहिला होता, टपाल तिकिटाएवढ्या काळ्यापांढऱ्या चित्रात. प्रत्यक्षात समोर आला तेव्हा आधी वाटलं, हे कुणीतरी मुद्दाम बांधलंय. सुमारे चाळीस हजार दगडी खांब एकमेकांना खेटून उभे, बरेचसे षट्कोनी, आणि त्यांची डोकी पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरत गेलेली. लाव्हा थंड होताना आक्रसतो. आक्रसताना ताण येतो आणि ताण मोकळा व्हायला भेगा पडतात. आटलेल्या तळ्यातला गाळ उन्हात तडकतो तसंच, फक्त इथे भेग वरून सुरू होऊन थंडाव्याच्या मागोमाग सावकाश खोल उतरत जाते. तीन भेगा सारख्याच कोनांनी एका बिंदूत मिळाल्या की कमीत कमी तोडफोडीत जास्तीत जास्त ताण सुटतो, म्हणून षट्कोन. लाव्हा जितका संथ निवेल तितका खांब जाड. पण निसर्गाने पाठ्यपुस्तक वाचलेलं नसतं. मी मोजत बसले तर पाच बाजूंचे पुष्कळ निघाले, सात बाजूंचेही, आणि एक चौकोनी, जो मला फार आवडला. खांब आडवेही तुटतात, एकाचा माथा फुगीर तर दुसऱ्याचा खोलगट. खोलगट माथ्यांवर पावसाचं पाणी साठून वाट्या भरल्या होत्या. कुणी तरी चाळीस हजार जणांची पंगत मांडून ठेवावी आणि पाऊस आला म्हणून सगळे उठून जावेत, तसं.

या दगडावरून अठराव्या शतकात युरोपात मोठं भांडण होतं. बसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साका होऊन तयार झाला असं एक पक्ष म्हणे. अग्नीतून आला असं दुसरा. कोडं ज्याने बरंचसं सोडवलं तो निकोला देमारे हा काही नुसता दगडांचा पंडित नव्हता. फ्रान्स सरकारच्या नोकरीत कारखान्यांची तपासणी करत गावोगाव हिंडणं हे त्याचं काम. १७६३ साली ऑव्हेर्न्यमध्ये चालता चालता त्याला तसलेच खांब दिसले, आणि ते कुठून आले बघू म्हणून तो त्यांच्या मागे मागे डोंगर चढत गेला तर वर विझलेला ज्वालामुखी. झालं. पाण्याच्या पक्षात गटे होता. कवी, नाटककार, रंगांवर ग्रंथ लिहिणारा, वनस्पतींचा अभ्यास करणारा, आणि दगडांच्या बाबतीत चुकीचा. अनेक विषयांत नाक खुपसणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आयरिश लोकांची गोष्ट अर्थात वेगळी आहे. फिन मकूल नावाच्या राक्षसाने पलीकडच्या स्कॉटिश राक्षसाशी लढायला हा रस्ता बांधला. पण समोरचा आपल्याहून दांडगा आहे हे कळल्यावर बायकोने त्याला बाळाचं टोपडं घालून पाळण्यात निजवलं. बाळ एवढं तर बाप केवढा, या धास्तीने पाहुणा पळाला आणि जाताना रस्ता मोडून गेला. मजा अशी की पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर खरोखरच असेच खांब आहेत. दोन्ही किनाऱ्यांचा दगड एक आहे, हे गोष्ट सांगणाऱ्याने शास्त्रज्ञांच्या आधीच बघून ठेवलं होतं. आपण नाही का, सह्याद्रीत जिथे लेणं दिसेल तिथे पांडवांचं नाव लावून मोकळे झालो? तो दगडही हाच. तिथे मानेवर पाऊस घेत, सादळलेला चिवडा खात बसले असताना माझ्या मनात शब्द घोळत होता 'ट्रॅप'. दख्खनच्या पठाराला डेक्कन ट्रॅप म्हणतात. विद्यार्थी असताना मी त्याचा अर्थ सापळा समजायचे आणि कुणी दुरुस्तही केलं नाही. मूळ शब्द स्वीडिश, 'त्राप्पा', म्हणजे जिना, पायऱ्या. लाव्ह्याचे थरावर थर बसून डोंगराला पायऱ्या पडतात म्हणून. आणि आपल्याकडचा शब्द? घाट. नदीकाठी तो पायऱ्यांचा, सह्याद्रीत डोंगरवाटेचा. एकाच दगडाकडे बघून दोन टोकांच्या लोकांना पायरीच आठवावी याचं मला त्या पावसात फार अप्रूप वाटलं. बाबांना पोस्टकार्ड टाकलं. त्यावर खांबांचं वय लिहिलं, साधारण सहा कोटी वर्षं.

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना माझी सगळी पोस्टकार्डं एका फायलीत लावलेली सापडली. आधी त्यांनी ती विषयवार लावायचा प्रयत्न केला असावा, कारण पुठ्ठ्यावर 'भूगोल', 'भाषा', 'इतिहास' असं लिहून खोडलेलं होतं. शेवटी बँकेतल्या वळणदार अक्षरात एकच शब्द : 'किरकोळ'. अँट्रिमच्या कार्डावर पेन्सिलीने खूण होती, 'सहा कोटी? शून्यं पडताळणे'.

या फायलीला उत्तर म्हणून मी मनातल्या मनात कोसंब्यांना उभं करत असे. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ चा, शिक्षण हार्वर्डला, पेशा गणित. १९४४ साली त्यांनी अनुवंशशास्त्रात मांडलेलं सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. संख्याशास्त्र हाताशी होतं म्हणून जुनी नाणी तोलू लागले, चलनात फिरून फिरून नाणं किती झिजतं ते मोजून त्याचा काळ ठरवू लागले. नाण्यांवरून इतिहासाकडे, इतिहासावरून संस्कृत काव्याकडे. पुण्यातल्या घराजवळच्या टेकडीवर फिरायला जात आणि येताना खिशातून अश्मयुगातली गारगोटीची हत्यारं आणत. मुंबईला डेक्कन क्वीनने जात-येत, म्हणजे रोज दोनदा बोरघाटाच्या त्या पायऱ्या उतरून-चढून. आणि त्यांचे वडील धर्मानंद! बुद्धाचं एक चरित्र वाचनात येतं काय आणि १८९९ साली घर सोडून माणूस निघतो काय : पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश, पुढे हार्वर्ड आणि लेनिनग्राडसुद्धा. हिंडणं हीच त्या घराण्याची प्रयोगशाळा होती. पण मी कोसंबी नाही हे सांगायला आत्याची गरज नव्हती. त्यांनी जिथे हात घातला तिथून ते काही घेऊन आले. माझ्या खिशात बहुतेक वेळा बसची तिकिटं असतात. कधीकधी मला असाही संशय येतो की नवा विषय आणि नवा देश या दोन्ही माझ्या पळवाटाच आहेत. एका ठिकाणी खोल जायची वेळ आली की मी बॅग भरते.

मॉरिशसला गेले तेव्हा हा संशय चांगलाच मोठा झाला.

गेले ती दगडासाठीच. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त ठिकाणावरून वर आला ते ठिकाण आज हिंदी महासागरात रेयुनियों बेटाखाली आहे, असं मानतात. शेगडी जागच्या जागी आणि वरून मोठा पापड सरकवत न्यावा तसा आपला देश त्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. पहिला, सगळ्यात मोठा डाग म्हणजे दख्खन, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मग मालदीवकडची बुडालेली रांग, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आत्ता धगधगतोय तो रेयुनियों. मला एका डागावरून दुसऱ्या डागावर जायचं होतं, एवढंच.

पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. १८४९ साली बांधलेला, काळ्या बसाल्टचा. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी करारावर माणसं आणली गेली, १८३४ पासून पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास, आणि या घाटाच्या काळात त्यांची नोंद इथे व्हायची. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून आलेल्यांत आपली कोकणातली. जहाजातून उतरून सोळा पायऱ्या चढायच्या, एक-दोन दिवस तिथल्या शेडमध्ये काढायचे, नंबर घ्यायचा आणि मळ्यावर जायचं. त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर दगडातली भोकं. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे निघून गेल्याच्या खुणा. खाली वाकून बोट घालून बघत होते. शेजारी एक बाई पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावत होती. मी ओणवीच होते, तशी सरळ झाले.

तिने मला मराठीत विचारलं, "ताई, तुम्ही महाराष्ट्रातून आलात?" शाळेत शिकलेलं, सावकाश, प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारलेलं मराठी, घरी सगळे क्रिओलच बोलतात, म्हणाली. तिच्या आडनावाला 'जी' होतं, कारण पणजोबांच्या बापाचं नाव कारकुनाने आडनाव म्हणून लिहून टाकलं. गणेश चतुर्थीला त्यांच्याकडे देशभर सुट्टी असते हे तिने अभिमानाने सांगितलं, आणि रस्त्यावरची डालपुरी खायला घातली. आत डाळ भरलेली, पण मीठ घातलेली. गुळाची आठवण काढत मी दोन खाल्ल्या. मग पर्समधून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली एक छायाप्रत काढली. पणजोबांच्या नोंदीची. नाव, वय, उंची, आणि गाव. जिल्हा रत्नागिरी हे कळत होतं. गावाच्या जागी एका इंग्रजी कारकुनाने मराठी कानाने न ऐकलेलं काहीतरी लिहिलं होतं, 'पाली' किंवा 'पल्ली' असं काहीसं.

"हे कुठलं गाव, सांगता येईल?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या सगळ्या चिंध्या एकदम मागितल्या होत्या. मी वहीत मांडणी केली. इंग्रज कारकून शेवटचा स्वर कसा लिहितात, 'ळ'चं काय करतात. रत्नागिरीजवळ पाली आहे. दापोलीकडे पालगड आहे, शेवट ऐकू आला नसेल तर? गुहागरकडे पालशेत. तालुक्याची जागा कागदावर रिकामी. रात्री हॉटेलवर नकाशे उघडून बसले, पुण्याला एका जाणकाराला फोन केला. दुसऱ्या दिवशी तिला सांगावं लागलं की नक्की सांगता येत नाही. तीन नावं लिहून दिली. तिने ती तीनही एकदा मोठ्याने वाचली.

मग म्हणाली, "तिकडची माती कशी असते?"

हे मात्र मला ठाऊक होतं. तिन्ही ठिकाणी सारखंच होतं. खाली काळा कातळ आणि वर जांभा. पाऊस तो कातळ इतकी वर्षं धुतो की लोह तेवढं मागे राहतं आणि सगळं लाल होतं. घराचे चिरेसुद्धा त्याच जांभ्याचे. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत लाल होतात. तिने बसथांब्यासमोरच्या उसाच्या शेताकडे बोट केलं. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे उंचच्या उंच ढीग होते, नांगराला आडवे येतात म्हणून मजुरांनी एकेक करून हातांनी उचलून रचलेले. ढिगांच्या भोवतीची माती लाल होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. बस आली आणि तिने मला पुढची सीट दिली.

परत आल्यावर मी गिल्बर्ट हिलला गेले. अंधेरीला. जन्म पुण्यातला, मुंबईला शेकडो वेळा गेलेली, बसाल्टचे खांब बघायला अँट्रिमपर्यंत जाऊन आलेली मी, अंधेरी पश्चिमेला दोनशे फूट उंचीचा खांबाखांबांचा उभा कातळ आहे आणि तिथे रिक्षाने जाता येतं, हे पुस्तकात वाचूनही कधी गेले नव्हते. आत्याला हे सांगितलं असतं तर तिने चिंध्यांचा हिशेब तिथेच मिटवला असता. चारी बाजूंनी इमारती आणि झोपड्या अशा खेटल्यात की कातळाच्या अगदी पायथ्याशी जाईपर्यंत तो दिसतच नाही. माथ्यावर गावदेवीचं देऊळ. डोंगरमाथ्यावरच्या आणि वाटेवरच्या या बायादेवी इतक्या जुन्या का, हे कोसंबी पायी हिंडून शोधत असत. मी चपला काढून हातात घेतल्या आणि चढायला लागले. पायऱ्या त्याच कातळात खोदलेल्या. दुपारचे बारा वाजायला आले होते आणि दगड तापला होता, त्यामुळे सोळापर्यंत मोजल्या आणि पुढे नुसतीच पळाले.

वर हवा होती. देवळाभोवती छोटीशी बाग, पलीकडे मुंबई. दर्शन घेतलं आणि मग बागेच्या कडेला उघड्या पडलेल्या कातळावर वाकून षट्कोन दिसतात का बघू लागले. एक बाई केरसुणीने पाला लोटत होत्या. थोडा वेळ बघून त्यांनी विचारलं, "काय पडलं का हो तुमचं?"

"नाही, दगड बघतेय."

"दगडच आहे की सगळा," त्या म्हणाल्या. मग केरसुणी माझ्या पायांशी आणून थांबल्या. "जरा पाय उचला. तिथलं झाडायचं राहिलंय."